मैत्रीचे तह आणि युद्धाचा विस्तार

दोन राज्यांनीं परस्परांच्या रक्षणाचा करार केला म्हणजे तिसऱ्यास चाल करून येण्याची छाती होत नाहीं, असें लष्करी तहांचे पुरस्कर्ते म्हणतात. हें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. १७९५ सालीं खर्ड्याच्या लढाईंत इंग्रज तटस्थ राहिले व निजाम एकटा सांपडून हरला. १७९८ सालीं त्यानें इंग्रजांची तैनाती फौज पत्करल्यावर खर्ड्यासारखा प्रसंग त्याच्यावर पुन्हां आला नाहीं.

परंतु वऱ्हाडांतील चिखलीकडच्या लोकांना या प्रश्नाची दुसरी बाजू शोधण्यासाठीं दूर जावयास नको. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरानें हडपसरजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा मोड केला. तंटा घरचाच होता. पण दुसरा बाजीराव वसईस पळाला आणि ३१ डिसेंबर रोजीं त्यानें इंग्रजांशीं तह केला: सहा हजार पायदळ, त्याच्या खर्चास २६ लाखांचा मुलूख, आणि इंग्रजांच्या सल्ल्यावांचून इतर सत्तांशीं बोलणें नाहीं. कागदोपत्रीं हा तह निव्वळ संरक्षणाचा होता. पुढील मे महिन्यांत बाजीराव लढाईवांचून गादीवर बसलाही. पुण्यापुरती शांतता झाली.

मात्र पेशवा असा परक्याच्या मुठींत गेलेला शिंदे-भोसल्यांना कसा रुचावा? त्यांनीं आपसांत जूट केली व निजामाच्या सरहद्दीजवळ, मलकापुरानजीक तळ दिला. चिखलीहून बुलढाण्यावरून घाट उतरून गेलें म्हणजे लागतें तें हेंच मलकापूर. तुम्ही तळ हलवा, असें इंग्रज वकील कॉलिन्स याचें मागणें. आधीं तुमची फौज मागें घ्या, असें सरदारांचें उत्तर. आपला पवित्रा बचावाचाच, असें दोघेही सांगत; आणि खेदाची गोष्ट ही कीं दोघांनाही तें बहुधा खरें वाटत असावें. ३ ऑगस्ट १८०३ रोजीं कॉलिन्स छावणी सोडून गेला. मग असई, दिल्ली, लासवारी, कटक, आणि २९ नोव्हेंबरास वऱ्हाडांतीलच आडगांव! हडपसरच्या तंट्याशीं ओरिसाचा काय संबंध? १९१४ सालीं साराजेवोच्या एका खुनावरून सारा युरोप पेटला, तोही याच मार्गानें.

डिसेंबरांत देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड प्रांत भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. इंग्रजांच्या मैत्रीचें हें फळ खरें. परंतु मैत्रीचा खर्चही वाढतच राहिला. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी निजामास फेडवेना, तेव्हां १८५३ सालीं तोच वऱ्हाड प्रांत त्यानें इंग्रजांच्या हवालीं केला, आणि चिखलीच्या शेतकऱ्याचा सारा त्या पलटणींच्या पगाराकडे जाऊं लागला.