पती-पत्नी एकत्रीकरण, पण परदेशात

परभणीत कुठल्याही शिक्षकाच्या घरी चहाला बसा, कप खाली ठेवायच्या आत बदल्यांचा विषय निघतो. जिल्हा परिषदेच्या माणसाला 'संवर्ग दोन' एवढं म्हटलं की पुरे. नवरा-बायको दोघंही नोकरीत आणि दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरहून जास्त अंतर असेल, तर बदलीत प्राधान्य. २०१७च्या शासन निर्णयापासून हे कलम जिंतूर ते गंगाखेड सगळ्यांना तोंडपाठ आहे.

ज्यांच्या नशिबी जिल्हा परिषद नाही, त्यांचा विषय वेगळा. आमच्या गल्लीत असं एक जोडपं आहे. सर एम.ए. बी.एड., इंग्रजीचे, कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर. मॅडम बी.एस्सी. बी.एड., एका विनाअनुदानित शाळेत सेमी-इंग्रजीच्या वर्गांना विज्ञान शिकवतात. शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, टेट, अभियोग्यता चाचणी हे सगळं करून झालंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं, दोघांनी मिळून परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं. "मॅडमचं विज्ञान इथं राहू द्या. तिकडं दोघंही इंग्रजीच शिकवू. मागणी इंग्रजीला आहे."

त्यांनी वहीत देशांची यादी केली होती. ती वही घेऊन आम्ही सतरंजीवर बसलो आणि एकेक देश खोडत गेलो.

पहिला गैरसमज असा, की इंग्रजी चांगलं असलं की झालं. आशियातल्या बऱ्याच देशांत तुमचं इंग्रजी नंतर तपासतात, आधी पासपोर्टाचा रंग पाहतात. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकाचा व्हिसा ई-२ या नावाने ओळखला जातो. तो मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताला एक खिडकी उघडी आहे. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे पदवी आणि इंग्रजी शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयाला तिथल्या शाळांत सहायक शिक्षक म्हणून जाता येतं. कागदावरची ही वाट खरी आहे, पण त्या वाटेने जाणारे फारच थोडे.

चीनमध्येही भाषाशिक्षकाच्या परवान्यासाठी सहसा इंग्रजीभाषक देशाचाच पासपोर्ट बघतात. त्यात जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने खाजगी शिकवण्यांवर मोठे निर्बंध आणले आणि परदेशी शिक्षकांची एक अख्खी बाजारपेठच आटली. व्हिडिओतले गोरे तरुण शांघायच्या ज्या शिकवणी वर्गांचं वर्णन करतात, त्यातले कितीतरी आता बंद आहेत. व्हिडिओ मात्र अजून चालू आहेत.

जपानवर सरांची भिस्त होती. तिथली जेट नावाची सरकारी योजना १९८७ पासून चालू आहे आणि भारतीयांचे अर्ज दिल्लीच्या जपानी दूतावासामार्फत घेतले जातात, पण जागा बोटावर मोजण्याइतक्या. खाजगी संस्थांतून जायचं तर वेगळी आडकाठी आहे. ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही, त्याने किमान १२ वर्षं इंग्रजी माध्यमातून शिक्षण घेतल्याचा पुरावा मागतात. सर म्हणाले, "आपल्याकडं पहिलीपासून इंग्रजी आहे की." आहे, २००० सालापासून, पण तो विषय म्हणून. माध्यम मराठीच. सेमी-इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून असलं तरी इतिहास-भूगोल मराठीत, म्हणजे तेही बसत नाही. आणि सर तर मानवतच्या मराठी शाळेत शिकलेले. त्यांनी वहीत जपानवर काट मारली. मारताना पेन जरा जोरात ओढलं गेलं.

दुसरा गैरसमज १२० तासांच्या ऑनलाइन प्रमाणपत्राचा. टेफल, टेसोल या नावांनी ही प्रमाणपत्रं दिवाळीच्या सेलसारखी सवलतीत विकली जातात. ती निरुपयोगी नाहीत. काही देशांच्या अटींत '१२० तास' असा उल्लेख असतोच. पण टेफल हा कुण्या एका संस्थेचा शिक्का नाही, ते या कामाचं सर्वसाधारण नाव आहे आणि कुणीही ते छापू शकतं. केंब्रिजच्या सेल्टाची गोष्ट वेगळी. तिथे खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवावं लागतं आणि मागे परीक्षक बसलेला असतो. आपल्याला जवळचं म्हणजे हैदराबादचं इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ, जुन्या लोकांच्या तोंडी अजून सीआयईएफएल. १९५८ साली स्थापन झालेली ही संस्था. तिचा इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने करता येतो. देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलं की थेट सिकंदराबाद. परभणीकराला हैदराबाद कधीच परकं नव्हतं. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. सरांना वाटत होतं की जोडप्याचा अर्ज हा एकच अर्ज असतो, 'आम्ही दोघं' असा. कुठल्याही देशात तसा व्हिसा नसतो. तिथे संवर्ग दोन नाही. दोन माणसं, दोन फायली, दोन पात्रता. दोघांपैकी एकाला नोकरी लागली की दुसऱ्यापुढे दोन मार्ग उरतात. एकतर स्वतःच्या बळावर नोकरी आणि स्वतःचा कामाचा व्हिसा, नाहीतर 'अवलंबित' म्हणून जाणं. आणि अवलंबिताला काम करता येतं का, याचं उत्तर देशागणिक बदलतं. कोरियात अवलंबिताच्या व्हिसावर नोकरी चालत नाही. जपानमध्ये वेगळी परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत चालते. अमेरिकेत जे-१ या विनिमय व्हिसावर गेलेल्या शिक्षकाच्या जोडीदाराला स्वतंत्र अर्ज करून कामाचा परवाना मागता येतो. संयुक्त अरब अमिरातीत नवऱ्याच्या व्हिसावर राहणारी बायको शाळेत शिकवू शकते, मात्र शाळेने तिच्या नावाने कामाचा परवाना काढायला हवा. आखातातल्या भारतीय शाळा अशा स्थानिक शिक्षिका आवडीने घेतात, कारण त्यांचा राहण्याचा खर्च शाळेवर पडत नाही. म्हणजे तिथे 'जोडपं' म्हणून फायदा आहे, पण आधी एकाचे पाय रोवले गेले तरच. अमिरातीत कुटुंब बोलावण्यासाठी महिन्याला ४००० दिरहम पगार, किंवा ३००० दिरहम आणि राहायची जागा, एवढी अट आहे. पगाराचा आकडा ऐकून रुपयांत गुणाकार करण्याआधी घरभाडं आणि मुलांची फी वजा करून पाहावी.

आखात म्हटलं की 'भारतीय शाळा' हा शब्द नीट ऐकावा. सीबीएसईशी संलग्न शाळा परदेशांत २०० हून अधिक आहेत आणि त्यातल्या बहुतेक आखातात. तिथे इंग्रजीच्या शिक्षकाला लागते ती बी.एड. आणि अनुभव. गोऱ्या कातडीची अट नाही. मालदीवमध्येही भारतीय शिक्षकांची परंपरा जुनी आहे. तिथे शाळा बेटाबेटांवर विखुरलेल्या, म्हणून दोघांना एकच बेट मिळावं हे करारावर सही करण्याआधी लिहून घ्यावं. तोंडी आश्वासन समुद्रात पडतं. (केंद्रीय विद्यालयाच्या परदेशी शाखा आहेत हे खरं, पण त्या मॉस्को, तेहरान आणि काठमांडू अशा तीनच, आणि तिथे केंद्रीय विद्यालय संघटनेतल्याच शिक्षकांना पाठवतात. बाहेरच्याला तिथे वाव नाही.) भूतानसाठी मात्र भारत सरकारच्या एडसिल या कंपनीमार्फत शिक्षक भरती झालेली आहे. जाहिरात येते तेव्हा ती सरकारी असते, फुकट असते, आणि म्हणूनच बहुधा कुणाच्या लक्षात राहत नाही.

यादीत शेवटी इंग्लंड होतं, आणि इथे सरांची वहीच उलटी झाली. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या प्रशिक्षित शिक्षकाला इंग्लंडमधला पात्र शिक्षकाचा दर्जा, म्हणजे क्यूटीएस, थेट मागता येतो. अर्जाला शुल्क नाही. पण भारतीयांसाठी विषयांची अट आहे: गणित, विज्ञान आणि भाषा. भाषा म्हणजे फ्रेंच, स्पॅनिशसारख्या परक्या भाषा. इंग्रजी त्यात येत नाही, कारण इंग्रजीचे शिक्षक त्यांच्याकडे आहेत. ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवण्याची पात्रता हवी, अनुभव हवा, इंग्रजीचा पुरावा हवा. सरांनी वाक्य दोनदा वाचलं. मॅडम आतून भाकरी थापता थापता म्हणाल्या, "विज्ञान चालतं म्हणता?"

चालतं. पण क्यूटीएस म्हणजे नोकरी नाही. नोकरी आणि व्हिसा प्रायोजित करणारी शाळा स्वतः शोधावी लागते, आणि खिसा रिकामा करणारी गोष्ट वेगळीच आहे. ब्रिटनच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो, प्रौढ माणसामागे वर्षाला १०३५ पौंड. दोघांचे तीन वर्षांचे ६२१० पौंड, तेही एकरकमी आणि विमानात बसण्याआधी.

कागदांचं प्रकरण सगळ्यांत कमी बोललं जातं आणि सगळ्यांत जास्त लोक तिथेच अडकतात. मॅडमची पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. तिच्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधार कार्डावर सासरचं आडनाव, मध्ये सरांचं नाव. बँकेत तिसरंच, 'सौ.' लावून. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. परदेशातला अधिकारी मात्र या तीन बाया समजतो. हे जुळवायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, लग्नाची पत्रिका नव्हे. गावात ते ग्रामसेवक देतात, नमुना ई मध्ये. नाव पूर्णच बदललं असेल तर राजपत्रातली नोंद. पासपोर्ट काढण्याआधीच हे ठरवावं.

मग प्रमाणीकरण. आधी राज्य शासनाचं, म्हणजे मुंबईची खेप, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. जपान, कोरिया, ओमान, सौदी असे देश हेग कराराखालचा 'अपोस्टिल' शिक्का मानतात.  अमिराती आणि कुवेत त्या करारात नाहीत, म्हणून तिथे दूतावासाचा आणखी एक शिक्का. त्यात बी.एड. मुक्त विद्यापीठाची असेल तर पदवी नियमित की दूरस्थ, हा प्रश्न आखातात विचारला जातोच. विद्यापीठाकडून तसं पत्र आधीच मागून ठेवलेलं बरं. परभणीतून एकेका शिक्क्यासाठी नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्याला मी एकच सांगेन, दोघांची कागदपत्रं एकाच खेपेत न्या.

राहिला एजंट. "रिक्रूटिंग एजंट म्हणजे लाख-दोन लाख लागणारच" हाही गैरसमजच. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाहीत. नोंदणी आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं. दहावी पास माणसाच्या पासपोर्टावर इमिग्रेशन तपासणीची अट नसते, म्हणून शिक्षक बेसावध राहतात. अट नसणं म्हणजे संरक्षण असणं नव्हे. "आधी पर्यटक व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून घेऊ" हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याचा चहासुद्धा घेऊ नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना थायलंडला व्हिसाशिवाय जायची सवलत मिळाल्यावर हे वाक्य जास्तच ऐकू येऊ लागलं. तिथे शिकवायचं तर नोकरीचा व्हिसा, कामाचा परवाना आणि शिक्षक परिषदेची मान्यता किंवा तात्पुरती सूट, असं सगळं लागतं. त्याआधी २०२२ मध्येच परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता: थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं जात होतं.

आपल्याकडे म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. सरांनी ती त्या दिवशी दोनदा म्हटली, पहिल्यांदा हसत. वही मिटून त्यांनी कागदांची प्लास्टिकची पिशवी उघडली. आधी स्वतःची पदवी वर ठेवली होती. ती काढून खाली सरकवली आणि वर मॅडमची बी.एस्सी. ठेवली. मग विचारलं, "ग्रामसेवक उद्या पंचायतीत असतील का हो?"