पत्र्याची घडी आणि संगणकाचा हिशेब

इमारतीच्या जिन्याखाली विजेच्या मीटरची पत्र्याची पेटी असते. तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. दार नीट लागत नसेल तर ते गुडघ्याने रेटायचे आणि बनवणाऱ्या कारागिराला नावे ठेवायची, एवढाच आपला तिच्याशी संबंध. परंतु ही चूक पुष्कळदा कारागिराची नसते. पत्रा कापला जाण्यापूर्वीच ती संगणकाच्या पडद्यावर होऊन गेलेली असते.

अभियांत्रिकी वस्तूंची रेखाटने आता संगणकावर, म्हणजे कॅड प्रणालींवर होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र पत्र्याची वस्तू आणि ठोकळ्यातून कोरून काढलेली वस्तू यांच्यासाठी या प्रणालींमध्ये निरनिराळी साधने असतात आणि त्यांची नवी आवृत्ती आली की कारखान्यांतून सर्वाधिक कुरबूर याच दोन साधनांविषयी ऐकू येते. याचे कारण समजून घेण्यासाठी एका घडीचा हिशेब मांडून पाहावा लागेल.

दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा काटकोनी कोन करावयाचा आहे. दोन्ही बाजू बाहेरून ५० मिलिमीटर हव्यात. पन्नास आणि पन्नास मिळून शंभर, असे मानून १०० मिलिमीटरची पट्टी कापली तर ती जास्त होईल. घडी घालताना पत्र्याचा बाहेरचा भाग ताणला जातो, आतला आकसतो आणि मध्ये कोठेतरी ना ताणलेला ना आकसलेला असा एक थर राहतो. या थराची लांबी हीच पट्टीची खरी लांबी. तो आतल्या पृष्ठभागापासून जाडीच्या कितव्या हिश्शावर आहे, हे सांगणाऱ्या आकड्याला के-फॅक्टर म्हणतात. घडीची आतील त्रिज्या २ मिलिमीटर आणि के-फॅक्टर ०.३३ धरला, तर पट्टी ९६.१८ मिलिमीटर येते. तोच आकडा ०.४५ धरला, तर ९६.५६. एका घडीमागे फरक पाऊण नव्हे, अर्धाही नव्हे, जेमतेम ०.३८ मिलिमीटरचा. पण मीटरच्या पेटीला एका दिशेने चार घड्या असतील तर तो दीड मिलिमीटरवर जातो आणि दार अडते.

आता हा के-फॅक्टर संगणकाला कोण सांगणार? बहुतेक ठिकाणी कोणीच सांगत नाही. प्रणालीत आधीपासून भरलेला आकडा तसाच राहू दिला जातो. वास्तविक तो पत्र्याच्या जातीवर, त्रिज्येवर, घडी पत्र्याच्या रेषांना समांतर आहे की आडवी यावर आणि मुख्यतः घडी घालणाऱ्या प्रेस ब्रेक यंत्राच्या हत्यारांवर अवलंबून असतो. पत्रा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचेवर ठेवून वरून पंचाने दाबतात. खाचेच्या तळाशी तो टेकू दिला नाही, तर आतील त्रिज्या खाचेच्या रुंदीवरून ठरते. साध्या पोलादात ती रुंदीच्या साधारण सहावा हिस्सा, तर स्टेनलेस स्टीलमध्ये पाचवा हिस्सा येते. म्हणजे दोन मिलिमीटर पत्र्यासाठी रूढ असलेली १६ मिलिमीटरची खाच घेतली की त्रिज्या अडीच मिलिमीटरच्या पुढेच पडणार. आरेखकाने पडद्यावर एक मिलिमीटर लिहिले म्हणून पत्रा त्याचे ऐकत नाही.

गेजचा घोटाळा याहून मजेशीर आहे. आपल्याकडे ब्रिटिश वळणाचे गेज रुळलेले असल्यामुळे चौदा गेजचा पत्रा २.०३ मिलिमीटरचा मानतात. अमेरिकी तक्त्यात पोलादाचा चौदा गेज पत्रा १.९ मिलिमीटरचा असतो. तक्ता कोणत्या देशाचा आहे हे न पाहता प्रणालीतून नुसते ‘१४ गेज’ निवडले, की हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो.

नव्या साधनांची पारख याच पार्श्वभूमीवर व्हायला हवी. सॉलिडवर्क्स या प्रणालीचे उदाहरण घेऊ. तिची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये आली, १९९७ मध्ये ती द'सॉल या फ्रेंच कंपनीकडे गेली आणि मध्यम व लहान कारखान्यांत तिचा मोठा प्रसार झाला. वार्षिक संमेलनापूर्वी वापरकर्त्यांकडून मते मागवून पहिल्या दहा मागण्यांची यादी करण्याची तिची पद्धत प्रसिद्ध आहे. २०१८ च्या आवृत्तीत पत्राकामासाठी ‘टॅब अँड स्लॉट’ हे साधन आले. एका पत्र्याच्या कडेला जीभ, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच. दोन्ही एकमेकांत बसवले की वेल्डिंगला तयार. ही युक्ती जुनीच आहे. परंतु पूर्वी प्रत्येक जीभ आणि प्रत्येक खाच आरेखकाला स्वतंत्र काढावी लागे आणि पत्र्याची जाडी बदलली की सगळे पुन्हा तपासावे लागे. आता ते एका आज्ञेत होऊ लागले.

आरेखकांचे तासांचे काम मिनिटांवर आल्यामुळे ते खूश होणे स्वाभाविक होते. पण वेल्डरची कसोटी वेगळी असते. खाच जिभेच्या मापाएवढीच ठेवली तर दोन पत्रे हातोडीने बसवावे लागतात आणि फार सैल ठेवली तर जोड काटकोनात राहत नाही. किती ढील ठेवायची, हे भरण्याची सोय या साधनात आहे. मात्र कोणता आकडा भरायचा, हे लेसर यंत्र किती रुंदीचा चर पाडते यावर ठरते. तो आकडा आरेखन विभागात नसतो, यंत्रावरच्या माणसाकडे असतो. साधन चांगले की वाईट, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच दोघांकडून वेगवेगळे मिळते आणि दोन्ही उत्तरे खरी असतात.

यंत्रणकामात, म्हणजे मशिनिंगमध्ये, हीच गोष्ट दुसऱ्या रूपात दिसते. त्याच २०१८ च्या आवृत्तीबरोबर सॉलिडवर्क्स कॅम हा भाग आला आणि वार्षिक वर्गणी भरणाऱ्या ग्राहकांना त्याची प्राथमिक आवृत्ती वेगळे पैसे न घेता मिळू लागली. रेखाटनातील भोके, खळगे, खाचा स्वतःहून ओळखून कापणीचा क्रम लावणे, हे त्याचे काम. त्याच्या मुळाशी असलेली कॅमवर्क्स ही प्रणाली जिओमेट्रिक या कंपनीने वाढवली. जिओमेट्रिक ही गोदरेज समूहातून उभी राहिलेली, २०१७ मध्ये एचसीएलमध्ये सामावली गेलेली कंपनी. ज्या घराण्याचे पत्र्याचे कपाट १९२३ पासून मराठी माणसाच्या संसारात आहे, त्याच घराण्याचा हात यंत्राला आज्ञा देणाऱ्या प्रणालीलाही लागला, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या प्रणालीतील एक सोय खरोखर स्तुत्य म्हणावी लागेल. रेखाटनावरची सूट वाचून ती कापणीची रीत निवडू शकते. दहा मिलिमीटरच्या भोकाला एच-७ ही सूट दिली असेल, तर भोक केवळ १५ मायक्रॉनच्या मर्यादेत बसवावे लागते. अशा वेळी नुसते ड्रिल पुरत नाही, मागून रीमर फिरवावा लागतो. ठरवून दिलेल्या नियमांनुसार प्रणाली ही पायरी आपोआप जोडते. तरीही कारखान्यांतून येणारी तक्रार ठराविक असते: प्रणालीने निवडलेले हत्यार आमच्या कपाटात नाही. तिच्या यादीत १२ मिलिमीटरचा एंडमिल आहे आणि कारखान्यात १० व १६ चेच आहेत. ठोकळा व्हाइसमध्ये नेमका कोठे पकडला आहे, हेही मुद्दाम सांगितल्याशिवाय तिला कळत नाही. खळग्याचे आतले कोपरे आरेखकाने टोकदार काढलेले असतात. गोल फिरणारे हत्यार तेथे स्वतःच्या त्रिज्येचा गोलवा ठेवणारच. हत्यारांची आणि नियमांची यादी आपल्या कारखान्याप्रमाणे भरून घेण्याचे काम कंटाळवाणे असते. ते ज्यांनी चिकाटीने केले त्यांना प्रणाली आवडते. ज्यांनी टाळले त्यांना ती निरुपयोगी वाटते. अभिप्राय वाचताना हा भेद कळणे अगत्याचे आहे.

विनामूल्य प्रणालींची कथा थोडी निराळी आहे. फ्रीकॅड ही २००२ पासून विकसित होत असलेली मुक्त प्रणाली. तिच्यात पत्राकामाचे साधन मूळ भागात नाही, स्वयंसेवकांनी केलेली जोड म्हणून ते घ्यावे लागते. यंत्रणकामाचा विभाग मात्र अंगभूत आहे. तिच्यातील एका दोषाबद्दल वापरकर्ते वर्षानुवर्षे बोलत होते. पेटीला आधी एक बदल करावा, तर पुढची घडी किंवा भोक भलत्याच कडेवर जाऊन बसे, कारण प्रत्येक कडेला दिलेले अंतर्गत नाव बदलाबरोबर बदलून जाई. सततच्या तगाद्यानंतर आणि काही वापरकर्त्यांनी स्वतःच उपाय लिहून दाखवल्यानंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हा दोष बऱ्याच अंशी दूर झाला. येथे तक्रार करणारा आणि दुरुस्ती करणारा एकच असू शकतो, हा मोठा फायदा. अर्थात त्यासाठी संगणकाची भाषा यावी लागते आणि प्रेस ब्रेकवरच्या माणसाला ती येत नाही.

खरी अडचण येथेच आहे. परवाना ज्याच्या नावावर, त्यालाच सूचना पाठवता येते. तीही इंग्रजीत, ठराविक नमुन्यात. द'सॉल, सीमेन्स, पीटीसी या तिन्ही कंपन्यांच्या प्रणालींवर पुण्यात काम चालते. भोसरी आणि चाकणच्या शेडमध्ये त्याच प्रणालींची रेखाटने रोज पत्र्यावर उतरतात. तरीही घडी फसली तर ऑपरेटर ते सुपरवायझरला सांगतो, सुपरवायझर पट्टी अर्धा मिलिमीटर लहान कापायला लावतो आणि काम निभावून नेतो. रेखाटन तसेच राहते. पुढच्या खेपेला दुसऱ्या पाळीचा माणस ते जसेच्या तसे कापतो आणि शंभर नग भंगारात जातात. पोलादाचा भाव पाहता लहान उद्योजकाचा त्या कामातला नफा तेवढ्यात संपतो.

उपाय अवघड नाही, एका सकाळचा आहे. ज्या पत्र्याचे काम करायचे त्याची मापलेली पट्टी घ्यावी, आपल्याच हत्यारावर वाकवावी, दोन्ही बाजू व्हर्नियरने मोजाव्यात आणि उलटा हिशेब करून के-फॅक्टर काढावा. जाडी, जात आणि खाच बदलेल तसे हे पुन्हा करावे व येणारे आकडे प्रणालीच्या तक्त्यात भरावेत. कंपनीकडे तक्रार करायची झाली तरी अशा मोजलेल्या पट्ट्यांसह केलेली तक्रार तपासता येते. ‘डेव्हलपमेंट चुकीची येते’ एवढेच लिहिले तर मागून चार प्रश्न तेवढे येतात.

वापरकर्त्यांच्या आग्रहाला यश येते, पण ते कसे अर्धेमुर्धे असते, याचाही एक दाखला आहे. सॉलिडवर्क्सच्या नव्या आवृत्तीतील रेखाटन जुन्या आवृत्तीत उघडत नाही, ही तक्रार फार जुनी. मोठी कंपनी दरवर्षी प्रणाली बदलते, तिला पत्र्याचे भाग पुरवणारा छोटा कारखाना मात्र जुन्याच आवृत्तीवर राहतो. मग रेखाटन मधल्या एखाद्या सर्वसाधारण स्वरूपात पाठवले जाते आणि घड्यांची माहिती वाटेत गळून पडते. २०२४ च्या आवृत्तीत अखेर मागील दोन आवृत्त्यांमध्ये रेखाटन साठवण्याची सोय झाली. दोनच. २०१८ ची आवृत्ती चालवणाऱ्या पुरवठादाराला आजही समोर येतो तो घड्यांची नोंद नसलेला मुका आकार, आणि त्याचा हिशेब त्याला नव्याने मांडावा लागतो.