मोटारीचे मातीनें माखलेले डोळे

भोकरदन तालुक्यांतील काळी जमीन कपाशीस व मक्यास मानवते. नव्या मोटारीस ती तितकीशी मानवत नाहीं. जुन्या जीपगाडीस चिखलाचें सोयरसुतक नसे. परंतु २०२० नंतर निघालेल्या पुष्कळ मोटारींत चालकास साह्य करणारी एक यंत्रणा असते, तिला विक्रेते लोक 'ॲडास' म्हणतात. चाकण येथें तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्यें ती २०२१ सालीं आली, टाटांच्या हॅरिअर व सफारी या गाड्यांत २०२३ सालीं. पुढील वाहन फार जवळ आलें असतां ही यंत्रणा इशारा देते, प्रसंगीं स्वतः ब्रेक लावते, व गाडी रेघ ओलांडूं लागल्यास चालकास सावध करते.

पावसाळ्यांत पाणंदीनें शेतावर जाऊन आलें कीं अशा मोटारींत पुष्कळदां पिंवळा दिवा लागतो. मालक घाबरून मिस्तरीकडे जातो. मिस्तरी बॅटरीची तार काढून पुन्हां लावितो. दिवा कधीं विझतो, कधीं नाहीं. पैसे मात्र जातात. आमचें सांगणें असें कीं, मिस्तरीकडे जाण्यापूर्वीं बादलीकडे जावें.

या यंत्रणेस बहुधा दोन प्रकारचे डोळे असतात. एक कॅमेरा, तो पुढच्या काचेच्या आंत, आरशामागें असतो. दुसरा रडार, तो पुढील जाळीच्या किंवा बंपरच्या मागें दडलेला असतो. बाहेरून नुसती गुळगुळीत चकती किंवा पट्टी दिसते, म्हणून तो तेथें आहे हेंच कित्येकांस ठाऊक नसतें. दोहोंचे शत्रू निराळे आहेत. रडारच्या लहरी सुमारें ७७ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर लांबीच्या असतात. कोरडी धूळ त्यांस फारशी अडवीत नाहीं. ओला चिखल अडवितो, कारण पाणी त्या लहरी गिळून टाकतें. कॅमेऱ्याचें याच्या उलट. त्यास धुळीचा पातळ थर, सकाळचें धुकें, काचेवर आंतून धरलेली वाफ व समोरचा मावळता सूर्य बाधतो. सबब बंपरवरील चिखल पाण्यानें भिजवून मऊ फडक्यानें पुसावा, खरवडूं नये. काच पाणी मारून वायपरनें साफ करावी. वायपरचें रबर फाटलें असल्यास बदलावें. मग गाडी बंद करून पुन्हां चालू करावी व थोडी चालवून पाहावी. चिखल हेंच कारण असेल तर दिवा विझतो. कॅमेऱ्यासमोर फास्टॅगची पट्टी किंवा एखादी तसबीर आली नाहीं ना, हेंही पाहावें. राजूरच्या गणपतीवर आम्हां सर्वांची श्रद्धा आहे, परंतु आपली तसबीर नेमकी तेथेंच चिकटवावी असें त्याचें म्हणणें नसावें.

काच फुटून नवी बसविली किंवा बंपर ठोकून रंगविला, तर डोळा पुसून भागत नाहीं; त्याची नजर पुन्हां जुळवावी लागते. यास कॅलिब्रेशन म्हणतात. नजर एक अंशानें चुकली तर १०० मीटरांवर ती सुमारें पावणेदोन मीटर चुकते, म्हणजे साडेतीन मीटर रुंद मार्गिकेची अर्धी! शेजारच्या मार्गिकेंतील ट्रक आपल्यापुढें आहे असें समजून गाडी भर वेगांत ब्रेक लावील, अथवा पुढें असलेला ट्रक तिला दिसणारच नाहीं. म्हणून काच बदलतांना कॅलिब्रेशनसह दर ठरवावा, विम्याच्या दाव्यांत तें नमूद करावें, व काम झाल्याचा कागद मागून घ्यावा. पुढें लोखंडी गार्ड बसविण्याची हौस कित्येकांस असते. केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें त्यास मनाई केलीच आहे. शिवाय तें लोखंड रडारच्या तोंडापुढें येतें.

पिंवळ्या दिव्यासोबत एबीएसचाही दिवा लागल्यास कारण बहुधा चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरांत किंवा उतरलेल्या बॅटरींत असतें. मक्याच्या कोठाराशेजारीं उभ्या केलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हें विसरूं नये. नेहमींचे ब्रेक चालतात, पण ओल्या रस्त्यावर चाकें जाम होऊन गाडी घसरूं शकते. ती सावकाश, स्कॅनर असलेल्या ठिकाणीं न्यावी. हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा तांबडा दिवा राहिला, तर मात्र गाडी सुरक्षित जागीं बाजूस घेऊन थांबवावी, पुढें हांकूं नये.

जालन्याहून समृद्धी महामार्ग धरला म्हणजे रेघा स्पष्ट असतात; जून २०२५ पासून त्याचे सर्व ७०१ किलोमीटर खुले आहेत. खेड्यांच्या रस्त्यांवर रेघाच नसतात. तेथें मार्गिकेचें चिन्ह फिकें पडलें तर तो बिघाड नव्हे. परंतु म्हैस, बैलगाडी व दिवा नसलेली ट्रॉली हीं या यंत्रणेस ओळखतां येतीलच असें नाहीं, आणि उत्पादकांच्या पुस्तिकाही अशा मर्यादा सांगतात. रात्रीं रस्त्यांत उभी असलेली ती कपाशीची ट्रॉली आपल्यापैकींच कोणाची तरी असते. वेचणी सुरू होण्यापूर्वीं तिच्या मागील फळीवर तांबडी परावर्तक पट्टी लावून घ्यावी.