नाताळचा गोठा आणि इतिहासाचा पुरावा

अंबरनाथ एमआयडीसीच्या आसपासच्या ख्रिस्ती घरांत नाताळला गोठा मांडतात. गव्हाणीत बाळ, एका बाजूला मेंढपाळ, दुसऱ्या बाजूला तीन ज्ञानी. हा देखावा दोन शुभवर्तमानांतून जुळवलेला आहे. गव्हाणी आणि मेंढपाळ लूकचे, तारा आणि ज्ञानी मत्तयचे. ज्ञानी तीन होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही. त्यांनी आणलेल्या भेटी तेवढ्या तीन.

खरा पेच काळाचा आहे. मत्तयनुसार जन्म हेरोद राजाच्या हयातीतला, आणि हेरोद बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला. लूक मात्र सीरियाचा रोमन सुभेदार क्विरिनियस याच्या शिरगणतीचा हवाला देतो. ती इसवी सन ६ मधली. ही फट बुजवायचे प्रयत्न पुष्कळ झाले, मला एकही पटलेला नाही. मत्तय सांगतो ती, हेरोदाने करवलेली बेथलेहेमची बालहत्याही अशीच: हेरोदाचे अत्याचार तपशिलाने लिहिणारा पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसीफस तिच्याबद्दल काहीच सांगत नाही. २५ डिसेंबर ही तारीख तर मत्तय आणि लूक दोघांकडेही नाही.

समकालीन पुरावा कसा असतो ते अंबरनाथमध्येच दिसतं: तिथल्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ कोरलेला आहे. येशूच्या जन्माची अशी समकालीन नोंद नाही. म्हणून येशू झालाच नाही, असं मात्र ठरत नाही: तो होऊन गेला आणि रोमन सुभेदार पिलाताच्या काळात क्रुसावर मेला, याबद्दल इतिहासकारांत जवळपास एकमत आहे.