होडीत बसण्यापूर्वी

मुलांनो, शाळेची सहल ठरली की वर्गातून पहिला प्रश्न येतो, "सर, तिथे होडीत बसायला मिळेल का?" आपल्या राज्यात या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'हो' असेच असते. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. सह्याद्रीच्या कुशीत धरणांचे मोठमोठे जलाशय आहेत. कित्येक शहरांत जुने तलाव आहेत. या सगळ्यांचे पाणी दुरून सारखेच दिसते, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. तो ओळखूनच होडीत पाय ठेवला पाहिजे.

त्याआधी एक गंमत सांगतो. पाण्यावरचे पुष्कळसे मराठी शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. किनारा, दर्या, बंदर, जहाज, खलाशी हे शब्द तुम्ही घरी उर्दूतही वापरता. होडीला दिशा देणाऱ्या फळीला मराठीत सुकाणू म्हणतात. हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आला. कोळी लोक होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात, तोच तुमचा नाखुदा. अरबी समुद्रातून ये-जा करणाऱ्या गलबतांबरोबर हे शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि इथलेच होऊन गेले. वल्हे, शीड आणि डोलकाठी हे शब्द मात्र शिकून घ्या. वल्ह्याने पाणी मागे सारतात, शिडात वारा भरतो आणि शीड ज्या उंच खांबाला बांधतात ती डोलकाठी.

आता तलावाकडे वळू. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. हा तलाव नैसर्गिक नाही. साताऱ्याच्या छत्रपतींनी तो १८४२ साली बांधवून घेतला. चारी बाजूंना झाडी, काठावर घोडे आणि भाजलेल्या कणसांचा वास! इथे वल्ह्याच्या लहान होड्या मिळतात. ठाण्याच्या मासुंदा तलावातही लोक संध्याकाळी होडीत बसायला येतात. अशा तलावांत लाटा नसतात, काठ नजरेसमोर असतो. म्हणूनच तिथे माणसे निष्काळजी होतात. एक जण उभा राहून फोटो काढतो, दुसरा हात धुण्यासाठी वाकतो, तिसरा जागा बदलायला उठतो.

होडी का उलटते, हे थोडे गणित करून पाहू. चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद होडी घ्या. सोपे जावे म्हणून ती चौकोनी पेटीसारखी आहे असे माना. तिचा तळ सहा चौरस मीटर झाला. आर्किमिडीजचा नियम तुम्ही विज्ञानात शिकला आहात. होडी जितके वजन घेते तितक्याच वजनाचे पाणी ती बाजूला सारते. साठ किलोचा एक माणूस चढला की ही होडी एक सेंटिमीटर खाली जाते. दहा माणसे चढली तर दहा सेंटिमीटर. म्हणजे माणूस वाढला की होडीची कड पाण्याच्या तितकी जवळ येते. त्यातच सगळे एका बाजूला सरकले, तर ती कड पाण्याखाली जाते आणि होडी बघता बघता भरते. उभे राहिल्याने दुसरा धोका होतो. वजन जितके उंचावर, तितकी होडी जास्त डोलते. डोक्यावर हंडा घेतलेला माणूस घसरला तर सावरणे किती कठीण जाते, ते आठवा.

हे केवळ पुस्तकातले गणित नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या किनाऱ्याजवळ चाळीसच्या आसपास विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली. तीन मुली बुडाल्या. तुमच्याच वयाची मुले होती ती.

जलाशयाचे पाणी तलावासारखे शांत वाटते, पण तिथे खरा मालक वारा असतो. कोयना धरणामुळे तयार झालेला शिवसागर जलाशय डोंगरांच्या मधून दूरवर पसरला आहे. महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला तापोळा आणि साताऱ्याच्या बाजूला बामणोली ही तिथली प्रसिद्ध ठिकाणे. वासोटा किल्ल्यावर जाणारे लोक बामणोलीहून बोटीने पलीकडे जातात. आपण तिथे मौजेसाठी जातो, पण या पाण्याखाली गावे गेली आहेत हे विसरू नये. काठावरच्या लोकांना बाजाराला किंवा दवाखान्यात जायलाही वर्षानुवर्षे बोटीचाच आधार होता. होडीवाल्याशी दोन शब्द आदराने बोला. पाण्याखाली गेलेले शेत कुठे होते, हे तोच तुम्हांला बोट दाखवून सांगेल.

उघड्या, रुंद जलाशयावर वारा सुटला की त्याला अडवणारे काही नसते. विशेषतः मे महिन्यात दुपारनंतर अचानक ढग येतात आणि वावटळ सुटते. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी धरणाच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट अशाच वादळी वाऱ्यात सापडून उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती सहल नव्हती, रोजची वाहतूक होती. म्हणून मी सहलीच्या मुलांना जलाशयावर सकाळीच नेतो. दुपारी जेवण आणि सावली बरी.

समुद्रावर वाऱ्याच्या जोडीला भरती-ओहोटी असते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात. त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत मोठी असते, तिला उधाण म्हणतात. मुंबईला त्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार-पाच मीटरांचा फरक पडू शकतो. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी होतो. किनाऱ्यावरची जुनी माणसे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती साधारण सहाच्या सुमारास. हा ढोबळ हिशेब झाला, पण अंदाजाला पुरतो. तुम्हांला तर चांदाच्या तारखा पाठ असतात. तिथी आणि चांदाची तारीख यांत एखाद्या दिवसाचा फरक असतो, एवढे ध्यानात ठेवले की हा हिशेब तुम्हांलाही जमेल. चांद नवा असताना आणि चौदावी-पंधरावीला उधाण, हे तर सहज लक्षात राहते.

मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जातात. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू केले. जवळच तारकर्ली आणि देवबाग आहे. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. आत खाडीत पाणी आरशासारखे असते, पण मुखाशी ओहोटीच्या वेळी नदी आणि समुद्र दोघेही बाहेर ओढतात. नवख्या माणसाने तिथे स्वतः वल्हे हातात घेऊ नये. मुंबईला गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीच्या लेण्यांकडे लाँच जातात. सुमारे तासाभराचा प्रवास, मागे सीगल पक्ष्यांचे थवे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरच्या प्रवासी बोटीला चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा माणसे मृत्युमुखी पडली. प्रवाशांची यात काहीच चूक नव्हती. पण पुष्कळांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर तिथे ते घालणे सक्तीचे झाले. उकडते, वास येतो, फोटो चांगला येत नाही, ही सगळी कारणे मी ऐकली आहेत. जॅकेट घालून त्याचे पट्टे आवळलेच पाहिजेत. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जाते.

मला स्वतःला सर्वांत आवडते ते मुरूड-जंजिऱ्याचे पाणी. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, म्हणजे बेट. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हा जलदुर्ग शेकडो वर्षे राखला. राजपुरीच्या धक्क्यावरून तिथे शिडाच्या होड्या जातात. इंजिनाचा आवाज नाही, फक्त शिडाची फडफड आणि पाण्याची चुळचुळ. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तटच तट दिसतो.

एकदा मी नववीच्या मुलांना घेऊन तिथे गेलो होतो. सगळी मुले एकाच होडीत चढली. सुकाणूवर बसलेले चाचा शांतपणे म्हणाले, "मास्तर, सहा जण उतरवा. वारा बरा नाही." मुले कुरकुरली. मीही म्हणालो, "चाचा, लहान मुले आहेत, चालेल की." चाचांनी शीड सोडलेच नाही. होडीची कड पाण्यापासून किती वर आहे ते त्यांनी हाताच्या वितीने मला दाखवले आणि गप्प बसले. फळ्यावर आर्किमिडीज शिकवणारा मी, मला ती वीत दिसली नव्हती. सहा मुले उतरली. त्यांच्याबरोबर मीही उतरलो आणि माझे सहकारी शिक्षक पहिल्या होडीतून पुढे गेले.

अर्ध्या तासाने चाचा परत आले. आता वारा वाढला होता. वाटेत दोन-तीन लाटांचे पाणी आमच्या अंगावर उडाले, पण होडीची कड पाण्यापासून बरीच वर होती. किल्ल्याजवळ होडी वर-खाली होऊ लागली तेव्हा चाचांनी एकेकाला हात धरून पायरीवर उतरवले. आधी लाट वर येऊ द्यायची, मग पाय टाकायचा. सर्वांत शेवटी मी उतरलो.