माप आधी, रंग नंतर

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ मध्ये चित्रकार व्हायचे ठरवून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे त्यांना अंशतः रंगांधळेपणा असल्याचे लक्षात आले आणि रंगकाम सोडावे लागले. मग त्यांनी यांत्रिक रेखाटन आत्मसात केले, व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत तेच शिकवले, आणि पुढे १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. त्यासाठी जमीन देणारे औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. रामायणातले प्रसंग त्यांनी आपल्या हाताने रंगवले, आणि १९३८ मध्ये औंधला, आजच्या सातारा जिल्ह्यात, यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारले. अशा रीतीने एका लहानशा संस्थानात चित्राचे दोन प्रकार शेजारी नांदले. एकात रेषा आणि माप यांनाच अर्थ होता. दुसऱ्यात रंगाची एक छटा दुसरीत विरघळते, त्या विरघळण्यालाच अर्थ होता. आज फोटोशॉप किंवा गिंपसारख्या सॉफ्टवेअरने हे दोन्ही प्रकार एकाच पटलावर आणले आहेत आणि दोन्हींना लहानमोठे करण्यासाठी एकच आज्ञा दिली आहे. रंग बिघडतात ते या एकत्रीकरणामुळे, असे माझे म्हणणे आहे. त्यावरचा उपाय नंतरच्या डागडुजीत सापडत नाही. चित्र अखेर किती आकाराचे होणार आणि त्यातला रंग खूण आहे की छटा, हे काढायला बसण्याआधी ठरवावे लागते.

संगणकाच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे असतात. त्यातून १,६७,७७,२१६ रंग होतात. ब्रशने रेघ ओढली की सॉफ्टवेअर तिच्या कडेला शाई आणि कागद यांच्या मधल्या छटांचे ठिपके स्वतःच भरते, म्हणजे कड दातेरी दिसत नाही. त्या आकृतीत नंतर दुसरा रंग ओतला, की कडेचे हे मिश्र ठिपके सुटतात आणि आकृतीभोवती फिकट कडा उरते. चित्राचा आकार बदलतानाही असेच होते, फक्त अख्ख्या चित्रभर. लहान करताना शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढली जाते, मोठे करताना मधल्या जागा अंदाजाने भरल्या जातात. बायक्युबिक किंवा लँक्झोस पद्धतीत तर हा अंदाज मूळ आकड्यांच्या पलीकडे जातो, आणि गडद कडेलगत मूळ चित्रात कुठेच नसलेली उजळ झालर उमटते. तीन रंगांत काढलेल्या चित्रात अशा वेळी शेकडो रंग शिरतात.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात हे संकट नव्हते असे नाही, पण त्याला सामोरे जाण्याची शिस्त होती. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार होते. त्या काळी चित्र छापायचे तर ब्लॉक करावा लागे, आणि ब्लॉक दोन जातींचे असत. छायाचित्रासाठी हाफटोन, शाईच्या रेखाटनासाठी लाइन ब्लॉक. लाइन ब्लॉकमध्ये शाई असते किंवा नसते, मधली छटा नाही. चित्र कॅमेऱ्याने निम्मे केले तरी काळे काळेच राही, रेघ मात्र निम्मी बारीक होई. म्हणून चित्रकार मोठे चित्र काढताना छपाईचे माप डोळ्यासमोर ठेवून रेघ जाड ओढी, दोन रेघांमधली जागा सैल ठेवी. कोणत्या चित्राला कोणता ब्लॉक, हा निर्णय चित्र छापखान्यात जातानाच होई. आजच्या आकार बदलण्याच्या चौकटीत तो निर्णय ‘इंटरपोलेशन’ नावाच्या एका रकान्यात दडला आहे आणि बहुतेक जण तो उघडतही नाहीत.

या दुर्लक्षाची किंमत कळायला कृष्णाकाठच्या पूररेषांचा नकाशा पाहावा. जलसंपदा विभागाच्या नकाशांत निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध, निळ्या आणि तांबड्याच्या मधले नियंत्रित. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या शहरात आपले घर कोणत्या रेषेच्या आत येते, हा प्रश्न कुणासाठीही किरकोळ नाही. आता अशा नकाशाचे चित्र मोबाइलवर पाठवण्यासाठी चौपट लहान केले असे धरू. पांढऱ्या कागदावरची एक ठिपका रुंदीची शुद्ध तांबडी रेघ, २५५-०-०, तीन पांढऱ्या ठिपक्यांत मिसळून २५५-१९१-१९१ होते, म्हणजे फिकट गुलाबी. जिथे काठ उंच असल्याने दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून जातात, तिथे निळा आणि तांबडा मिळून जांभळा होतो. सूचीत जांभळ्याला अर्थच नाही. आणि तांबड्या-हिरव्याचा रंगदोष असलेल्या माणसाला जांभळा बहुधा निळाच भासतो. पुरुषांत हा दोष स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो.

यावर जाणकार सांगेल की इंटरपोलेशन बंद करा, ‘निअरेस्ट नेबर’ निवडा, नवा रंग तयारच होणार नाही. हे खरे आहे. उपग्रहाच्या वर्गीकृत नकाशांसाठी, जिथे प्रत्येक रंग म्हणजे पीक, पाणी किंवा वस्ती असतो, हीच पद्धत वापरतात. गिंपमध्ये ठरावीक रंगतक्त्याचे, म्हणजे इंडेक्स्ड, चित्र असेल तर आकार बदलताना सरासरी काढलीच जात नाही. मोठे करायचे असेल तर हा उपाय उत्तम आहे, मात्र पट पूर्णांकात हवी, दुप्पट किंवा तिप्पट. दीडपटीला काही ठिपके दोनदा येतात, काही एकदाच, आणि सारख्या जाडीच्या रेघा जाडबारीक दिसू लागतात. लहान करताना अडचण अधिक मोठी आहे. चारांतला एक ठिपका उचलायचा म्हटले की एक ठिपक्याची रेघ काही ठिकाणी सबंध गळून पडते. रंग शुद्ध राहिला, पण पूररेषा तुटली. म्हणून बटण बदलून भागत नाही. रेषा सदिश स्वरूपात, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारी वळणे अशा, ठेवाव्यात आणि प्रत्येक मापासाठी नव्याने उमटवाव्यात. ते शक्य नसेल तर अंतिम मापाच्या कोऱ्या चित्रावर, कड मऊ न करणाऱ्या पेन्सिल टूलने, ठरवलेल्या आकड्यांच्या रंगात त्या पुन्हा ओढाव्यात. काम वाढते हे कबूल, पण लाइन ब्लॉकसाठी काढणारा चित्रकार तेवढे काम करतच होता.

मग सरासरी सर्वत्र वाईट का? नाही, आणि इथे औंधच्या संग्रहालयाकडे वळावे लागते. तिथे राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे आहेत. भिंतीवरचे तैलचित्र तळहाताएवढ्या पडद्यावर आणताना ठिपके मिसळलेच पाहिजेत, न मिसळले तर लुगड्याच्या जरीवर निव्वळ खडबडीत कण उरतील. पण हे मिसळणेही प्रकाशाच्या हिशेबाने व्हावे लागते. पडद्याचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. १२८ या आकड्याला पडदा पूर्ण उजेडाच्या फक्त २२ टक्क्यांच्या आसपास उजेड देतो, खरा निम्मा उजेड १८८ जवळ मिळतो. काळे आणि पांढरे ठिपके आलटून पालटून असलेला भाग आकड्यांच्या सरासरीने लहान केला तर १२८ येतो, म्हणजे दुरून डोळ्याला दिसला असता त्यापेक्षा बराच काळसर. जरीची बारीक चमक, मोत्यावरचा प्रकाशाचा कण, डोळ्यातला पांढरा बिंदू, नेमके हेच अशा हिशेबात मंदावतात. २०१८ मध्ये आलेल्या गिंप २.१० मध्ये रेषीय प्रकाशात काम करण्याची सोय आहे, फोटोशॉपमध्ये ३२ बिट अवस्थेत आकार बदलला की तोच परिणाम मिळतो. संग्रहालयातल्या चित्रांच्या प्रती करणाऱ्याने ही सोय वापरलीच पाहिजे असे मला वाटते, कारण एकदा काळवंडलेली प्रत लोक पुढे वर्षानुवर्षे मूळ चित्र म्हणून पाहतात.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. प्रत्येक पडदा वेगळा, फ्लेक्सची शाई वेगळी, उन्हात ती उडते. मग २५५ आणि २५१ असा काथ्याकूट कशाला? पण पडद्याचा फरक सगळ्या चित्राला सारख्या रीतीने लागू होतो. तिथे निळी रेषा थोडी गर्द दिसेल, तरी सूचीतला निळा चौकोनही तेवढाच गर्द दिसेल, आणि वाचणाऱ्याला जोडी जुळवता येईल. सरासरीने झालेला बदल तसा नसतो. तो रेघेला लागतो, चौकोनाच्या आतल्या भागाला लागत नाही, आणि ती जोडी मोडते. शिवाय पडद्याचा फरक रंगाच्या प्रोफाइलने मोजून दुरुस्त करता येतो, चित्रात मिसळलेले आकडे मात्र वेगळे काढता येत नाहीत. राष्ट्रध्वजाच्या भारतीय मानकात केशरी आणि हिरवा हे नावाने सांगून थांबलेले नाहीत, मोजमापाच्या आकड्यांत दिले आहेत, ते कापड कोणत्याही मागावर विणले तरी तपासता यावे म्हणून. पूररेषेच्या नकाशाबरोबरही त्याच्या दोन रंगांचे आकडे, तो कोणत्या मापासाठी काढला ते माप, आणि तो सरासरीने लहान करू नये ही सूचना, एवढे एका कोपऱ्यात छापता येईल. जेपीईजीमध्ये साठवला तर रंगाची माहिती पुन्हा बारीक कुटली जाते, म्हणून तो पीएनजीत साठवावा हेही तिथेच लिहावे.