पुण्यात घडलेला, बाजारात न आलेला राजपुत्र

१० सप्टेंबर २०२० रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ मधल्या गाजलेल्या गेमचा नवा अवतार जाहीर केला. तो घडत होता पुण्यात आणि मुंबईत. बाजारात येण्याची तारीखही ठरली होती : २१ जानेवारी २०२१.

पुण्यातला स्टुडिओ युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून घेतला, मुंबईतला २०१८ मध्ये सुरू केला. परदेशात तयार झालेले गेम तपासायचे, एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर चालता करायचा, अशी पडद्यामागची कामे पुण्याने बरीच केली होती. आता एका जगप्रसिद्ध मालिकेची मुख्य जबाबदारी इथे आली. कथेची सुरुवातही भारतातलीच. पर्शियाचा राजपुत्र वडिलांच्या सैन्याबरोबर एका महाराजाच्या महालावर चालून जातो आणि लुटीत त्याच्या हाती काळ मागे फिरवणारा खंजीर लागतो. नायिका फरा त्याच महाराजाची मुलगी.

पहिली झलक पाहून मात्र चाहते नाराज झाले. चेहरे निर्जीव, दृश्ये जुनाट, अशी टीका झाली. ही शैली मुद्दाम निवडलेली आहे, असे दिग्दर्शक पिएर-सिल्व्हेन जिरेस यांनी सांगितले, पण ते कुणाला पटले नाही. ती टीका अवाजवी नव्हती. चुकले ते वेळापत्रक. विक्रीला जेमतेम चार महिने उरले असताना, तेही महामारीच्या वर्षात, काम पहिल्यांदा लोकांपुढे ठेवले, तर सुधारायचे कधी?

तारीख आधी १८ मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवले गेले. मूळ गेम तिथेच बनला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आगाऊ नोंदणीचे पैसे परत देण्याचे ठरले. २०२४ मध्ये ‘२०२६’ असा नवा वायदा झाला आणि २१ जानेवारी २०२६ रोजी, पहिल्या तारखेला बरोबर पाच वर्षे होताना, गेम रद्द झाला. हवा तो दर्जा गाठायला आणखी वेळ आणि पैसा लागेल, असे कंपनीने सांगितले.

म्हणूनच सगळा दोष पुण्या-मुंबईच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. मूळ गेमच्या घरी साडेतीन वर्षांहून अधिक काळ राहूनही तो पुरा झाला नाही. जुन्या गेमला नुसता नवा रंग देऊन भागत नाही. हालचाली, चेहरे, कॅमेऱ्याची नजर सारे नव्याने घडवावे लागते.

याउलट उदाहरणही पुण्यातच आहे. इथल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा ‘राजी’ हा गेम २०१७ मध्ये लोकवर्गणीचे उद्दिष्ट गाठू शकला नव्हता. तो २०२० च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. छोटा चमू, स्वतःची कथा, स्वतःचा निर्णय. पुण्याच्या राजपुत्राचा निर्णय दूर कुठेतरी होत होता.

आता प्रश्न त्या केलेल्या कामाचा आहे. जॉर्डन मेकनर यांच्या १९८९ च्या पहिल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ कोड हरवला होता. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि मेकनर यांनी तो कोड सर्वांसाठी खुला केला. पुण्या-मुंबईतल्या कलाकारांनी उभे केलेले महाल आणि पात्रेही युबिसॉफ्टने एखाद्या संग्रहालयाच्या हवाली करावीत, निदान अभ्यासकांना पाहू द्यावीत.